क्यूब्स ओएसवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर: कार्ड डॉम-झिरोत घेऊ नका, त्याला वेगळी खोली द्या

वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीत मी म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करतो. तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा रेकॉर्डर समोर ठेवला तेव्हा एका काकीनं विचारलं होतं, "माझो आवाज खंय जातलो, ता सांग आधी." मी शब्द दिला की माझ्या घराबाहेर जाणार नाही. त्या शब्दापायीच मी क्यूब्स ओएसवर, म्हणजे सुरक्षिततेसाठी प्रत्येक काम वेगळं कोंडून ठेवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर आलो, आणि त्याच शब्दापायी आवाजाचा मजकूर करण्याचं काम ऑनलाइन कुठल्या सर्व्हिसला न देता घरच्याच मशीनवर करायचं ठरवलं. त्यासाठी ग्राफिक्स कार्ड लागतं, कार्डाला एनव्हिडियाचा बंदिस्त ड्रायव्हर लागतो, आणि क्यूब्सवर नेमकं हेच सगळ्यात किचकट. आता माझं नीट चाललंय, म्हणून सगळं क्रमानं लिहून काढतोय, कारण गेल्या महिन्याभरात तिघांना फोनवरून तेच तेच सांगून झालं.

कमांड इथं उच्चारावरून लिहिल्यात, टाइप करताना इंग्रजीत आणि सगळी अक्षरं लहान घ्या. मोठी लागतील तिथं मी सांगेन.

आधी हे समजून घ्या, नाहीतर पुढं हात लावू नका

क्यूब्समध्ये झेन नावाचा हायपरवायझर, म्हणजे एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम, खाली असतो आणि त्याच्यावर तुमची सगळी कामं वेगवेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतात, त्यांना क्यूब म्हणायचं. बँकेचा एक क्यूब, मेलचा एक, अनोळखी फाइली उघडायला एक. या सगळ्यांवर ताबा डॉम-झिरोचा. स्क्रीन, कीबोर्ड, कुठला क्यूब चालू, कुठला बंद, सगळं तिथून. डॉम-झिरोला नेटवर्कच दिलेलं नाही, ते मुद्दाम. तो फुटला की सगळंच फुटलं.

कोकणातलं जुनं घर डोळ्यापुढं आणा. बाहेरचा माणूस खळ्यातून पडवीत येतो, ओटीवर बसतो, पाणी-गूळ-चहा सगळं तिथं मिळतं, पण माजघरात कोणी त्याला नेत नाही. एनव्हिडियाचा ड्रायव्हर हा तो बाहेरचा माणूस. वाईट आहे असं नाही, पण त्याच्या पोटात काय आहे ते आपण वाचून बघू शकत नाही आणि तो थेट कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, बसतो. २०२२ पासून एनव्हिडियानं कर्नल मॉड्यूलचा एक भाग ओपन केलाय खरा, पण वरचा सगळा डोलारा आणि कार्डातलं फर्मवेअर अजून बंदच आहे. तर असा माणूस डॉम-झिरोत, म्हणजे थेट देवघरात बसवायचा का? नेटवर शोधलंत तर डॉम-झिरोत ड्रायव्हर टाकायच्या जुन्या युक्त्या सापडतील, त्या करू नका. त्यासाठी डॉम-झिरोत कंपायलर आणि बाहेरच्या रिपॉझिटरी आणाव्या लागतात, आणि कर्नलचं अपडेट आलं की मॉड्यूल बनत नाही आणि सकाळी काळी स्क्रीन.

बरोबर रस्ता दुसरा आहे: कार्ड डॉम-झिरोकडून काढून घ्यायचं, एका वेगळ्या क्यूबला अख्खं देऊन टाकायचं, आणि ड्रायव्हर फक्त त्या क्यूबमध्ये टाकायचा.

मशीन चालेल का ते बघा

दोन ग्राफिक्स हवेत. एक प्रोसेसरमधलं, ते डॉम-झिरोच्या स्क्रीनसाठी राहील, आणि दुसरं एनव्हिडियाचं. एकच कार्ड असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, कार्ड दिलंत की स्क्रीन गेली. इंटेलचा प्रोसेसर घेताना नावाच्या शेवटी एफ असलेला घेऊ नका, त्याच्यात ग्राफिक्स चालू नसतं. माझ्या एका मित्रानं स्वस्त मिळाला म्हणून तोच घेतला आणि अडकला.

लॅपटॉपवाल्यांनी अजून एक बघायचं, बऱ्याच लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचं पोर्ट एनव्हिडियाच्या कार्डालाच जोडलेलं असतं. कार्ड क्यूबला दिलं की बाहेरचा मॉनिटर डॉम-झिरोला मिळणार नाही.

बायॉसमध्ये जाऊन व्हीटी-एक्स आणि व्हीटी-डी दोन्ही चालू करा, एएमडीच्या बोर्डावर त्यांची नावं एसव्हीएम आणि आयओएमएमयू अशी असतील. मुख्य डिस्प्ले प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर ठेवा आणि मॉनिटरची वायर कार्डातून काढून मदरबोर्डाच्या पोर्टाला लावा. मग क्यूब्स चालू करून डॉम-झिरोच्या टर्मिनलमध्ये 'एक्सएल इन्फो' टाका, त्यातल्या 'व्हर्ट-कॅप्स' ओळीत 'एचव्हीएम-डायरेक्टआयओ' दिसलं पाहिजे. नसेल तर बायॉसमध्ये काहीतरी राहिलंय.

रॅम माझ्याकडे ३२ जीबी आहे. क्यूब्सवाले स्वतः १६ जीबी सुचवतात, पण कार्डवाल्या क्यूबला ८ जीबी बांधून टाकली की १६ मध्ये बाकीच्यांची ओढाताण होते.

कार्ड उघडून बसवणार असाल तर किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी एक सांगतो. खाऱ्या हवेनं कार्डाच्या सोनेरी पट्टीवर पावसाळ्यात धुरकट थर चढतो, नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाही. मशीन बंद करून, वायर काढून, साध्या पांढऱ्या खोडरबरानं ती पट्टी हलक्या हातानं एका दिशेनं पुसा, चुरा ब्रशनं झाडा, मग बसवा. माझं कार्ड मधेच गायब व्हायचं, आठ दिवस मी सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसलो होतो आणि शेवटी गेलं ते खोडरबरानं.

कार्डाचा पत्ता काढा

बॅकअप घ्या आधी. क्यूब्सचं स्वतःचं बॅकअपचं टूल मेनूमध्येच आहे, बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि एकदा तपासूनही बघा.

मग डॉम-झिरोमध्ये 'एलएसपीसीआय' टाका. लांब यादी येते, त्यात एनव्हिडिया नावाच्या ओळी शोधा. माझ्याकडे दोन निघाल्या, ०१:००.० म्हणजे कार्ड आणि ०१:००.१ म्हणजे त्याच्यावरचं ऑडिओ. आरटीएक्स २० सिरीजच्या बऱ्याच कार्डांवर टाइप-सी पोर्ट असतं, त्यामुळे .२ आणि .३ अशा अजून दोन ओळी दिसतात. जेवढ्या असतील तेवढ्या सगळ्या एकत्र द्यायच्या, एकाच बिऱ्हाडातली माणसं आहेत ती, अर्धी इथं अर्धी तिथं ठेवली की भांडण.

त्याच बिऱ्हाडात दुसरं कोणी राहतंय का, म्हणजे त्याच आयओएमएमयू गटात तुमचा डिस्क कंट्रोलर वगैरे तर नाही ना, हे क्यूब्सच्या आतून दिसत नाही कारण मधे झेन बसलेला असतो. त्यासाठी साध्या लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून मशीन त्याच्यावर चालू करा, इंटेल असेल तर बूटच्या ओळीत 'इंटेल-अंडरस्कोर-आयओएमएमयू इक्वल टू ऑन' जोडा, आणि सिस फोल्डरमधल्या कर्नलच्या आत 'आयओएमएमयू-अंडरस्कोर-ग्रुप्स' बघा. कार्डाबरोबर फक्त त्याचंच ऑडिओ आणि वरचा पीसीआय ब्रिज असेल तर उत्तम.

डॉम-झिरोपासून कार्ड लपवा

इथं चूक झाली तर मशीन चालू होताना अडकतं, म्हणून सावकाश. डॉम-झिरोत 'ईटीसी' फोल्डरच्या 'डिफॉल्ट'मध्ये 'ग्रब' नावाची फाइल आहे (ग्रब म्हणजे मशीन चालू होताना सिस्टीम लोड करणारा प्रोग्राम), ती सुडोनं, म्हणजे ॲडमिनच्या हक्कानं, उघडा. 'ग्रब-सीएमडीलाइन-लिनक्स' अशी ओळ असते, तिचं नाव मोठ्या अक्षरांत, शब्दांच्या मधे अंडरस्कोर. त्या ओळीच्या अवतरणचिन्हांच्या आत शेवटी एक जागा सोडून लिहायचं: 'आरडी डॉट क्यूब्स डॉट हाइड-अंडरस्कोर-पीसीआय', मग बरोबरचं चिन्ह, मग पत्ते स्वल्पविरामानं जोडून, ०१:००.०,०१:००.१ असे, मधे जागा नाही. आकडे अर्थातच इंग्रजी, आणि पत्ता तुमच्या मशीनचा, माझा उतरवू नका.

फाइल सेव्ह करून 'ग्रब२-एमकेकॉन्फिग' ही कमांड सुडोनं, पुढं 'डॅश ओ' आणि बूट फोल्डरमधल्या ग्रब२ मधल्या 'ग्रब डॉट सीएफजी'चा पूर्ण मार्ग. ४.२ पासून हाच मार्ग चालतो, त्याआधीच्या व्हर्जनला ईएफआयच्या मशीनवर वेगळा होता. रीबूट.

वर आल्यावर 'एलएसपीसीआय डॅश के' टाका. कार्डाखालच्या 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ओळीत 'पीसीआयबॅक' आलं तर पाऊण लढाई झाली. तिथं 'नुवो', म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डांसाठीचा खुला ड्रायव्हर, दिसतोय म्हणजे डॉम-झिरोनं अजून कार्ड धरून ठेवलंय, ओळीतलं स्पेलिंग बघा.

आणि स्क्रीन काळीच राहिली तर घाबरू नका, काहीच गेलेलं नाही. मशीन परत चालू करा, ग्रबच्या मेनूवर 'ई' दाबा, 'व्हीएमलिनझ' असलेल्या ओळीत तुम्ही जोडलेला तुकडा दिसेल, तेवढा खोडा आणि एफ१० दाबा. ही खोड फक्त त्या एका वेळेपुरती असते, आत गेल्यावर फाइलही दुरुस्त करा.

क्यूब बनवा, पण कार्ड लगेच देऊ नका

सगळे इथं घाई करतात. एकाच वेळी क्यूबही नवा, कर्नलही नवा, कार्डही दिलं, ड्रायव्हरही टाकला, मग अडकलं की कशामुळे अडकलं ते कळायला मार्ग नाही. एक पाऊल, मग चालू करून बघा, मग पुढचं.

मेनूतून नवा क्यूब करा, प्रकार 'स्टँडअलोन' निवडा, टेम्प्लेट डेबियनचं. स्टँडअलोन का, तर साध्या क्यूबमध्ये सिस्टीमचा भाग टेम्प्लेटवरून येतो आणि बंद केला की तिथले बदल पुसले जातात, शिवाय टेम्प्लेटमध्ये ड्रायव्हर टाकलात तर तो त्या टेम्प्लेटवरच्या प्रत्येक क्यूबच्या घरी पोचला, आणि तेच तर टाळायचंय. सिस्टीम स्टोरेज ४० जीबीपर्यंत वाढवा, हे सगळं पोटभर जागा खातं.

क्यूब चालू करून त्याच्या टर्मिनलमध्ये चार पॅकेज टाकायची: 'लिनक्स-इमेज-एएमडी६४', 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४', 'ग्रब२' आणि 'क्यूब्स-कर्नल-व्हीएम-सपोर्ट'. ग्रब कुठं टाकू विचारेल तेव्हा 'एक्सव्हीडीए' निवडा. मग 'अपडेट-ग्रब' आणि क्यूब बंद. हे का करायचं, तर नाहीतर क्यूब डॉम-झिरोनं दिलेल्या कर्नलवर चालतो, डॉम-झिरोला अपडेट आलं की तो कर्नल खालच्या खाली बदलतो आणि ड्रायव्हरचं मॉड्यूल उघड्यावर पडतं.

आता क्यूबच्या सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड टॅब. मोड एचव्हीएम. कर्नलच्या जागी क्यूबचा स्वतःचा, म्हणजे 'प्रोव्हायडेड बाय क्यूब' किंवा जुन्या व्हर्जनवर 'नन'. मेमरी बॅलन्सिंगची खूण काढा, कारण कार्ड असलेल्या क्यूबची मेमरी चालता चालता कमीजास्त करता येत नाही. सुरुवातीची मेमरी ३००० एमबीच ठेवा, नंतर वाढवू. चालू करा, टर्मिनल उघडतंय का, 'यूनेम डॅश आर'मध्ये डेबियनचा कर्नल दिसतो का बघा. दिसला की बंद करा आणि क्लोन काढून ठेवा, उद्या बिघडलं तर दोन मिनिटांत इथपर्यंत परत येता येतं.

कार्ड द्या

क्यूब बंद असताना सेटिंगच्या डिव्हाइसेस टॅबमध्ये कार्डाच्या सगळ्या ओळी डावीकडून उजवीकडे न्या. खाली 'कॉन्फिगर स्ट्रिक्ट रीसेट' असं बटण आहे, त्यात या ओळींना रीसेटची सक्ती नको अशी खूण करा, कारण बरीच कार्डं झेनला हवा तसा रीसेट देत नाहीत आणि मग क्यूब चालूच होत नाही. याचा एक तोटा आहे तो माहीत असू द्या: कार्ड एका क्यूबमधून दुसऱ्यात गेलं तर आधीच्याचं काहीतरी कार्डाच्या मेमरीत राहू शकतं. म्हणून एक कार्ड, एकच क्यूब. आज ओव्यांना आणि उद्या गेमला असं करू नका.

क्यूब चालू करा आणि आत 'एलएसपीसीआय' टाका. एनव्हिडियाचं नाव क्यूबच्या आत पहिल्यांदा दिसतं तेव्हा खरंच बरं वाटतं. आतला पत्ता वेगळा दिसेल, ते ठीक.

ड्रायव्हर

कार्ड कुठल्या पिढीचं आहे त्यावर ड्रायव्हर ठरतो. जीटीएक्स ६०० आणि ७०० सिरीजच्या बहुतेक कार्डांसाठी ४७० ही शेवटची शाखा. जीटीएक्स ९०० आणि १० सिरीजसाठी ५८० शेवटची. आरटीएक्स २० पासून पुढं चिंता नाही, पण ५० सिरीज नवीन आहे, तिला ओपन मॉड्यूलवालाच ड्रायव्हर लागतो, डेबियन १२ मधला ५३५ तिला ओळखतही नाही. माझं आरटीएक्स ३०६० आहे, १२ जीबीवालं, त्याला डेबियन १२ चा ५३५ पुरतो. एनव्हिडियाच्या साइटवरून मोठी रन फाइल उतरवून टाकू नका, एपीटीला, म्हणजे डेबियनच्या पॅकेज टाकणाऱ्या टूलला, ती कळत नाही आणि पुढच्या कर्नल अपडेटला तुम्हीच निस्तरत बसाल.

डेबियनच्या सोर्सेसच्या यादीत 'मेन'च्या पुढं 'कॉन्ट्रिब', 'नॉन-फ्री' आणि 'नॉन-फ्री-फर्मवेअर' जोडा, डेबियन १२ पासून फर्मवेअरचा हा कप्पा वेगळा झालाय. 'एपीटी अपडेट'.

आता पॅकेज. सगळीकडे 'एनव्हिडिया-ड्रायव्हर' टाका असं सांगतात. तुम्हाला कार्डावर फक्त हिशोबाचं काम करायचंय, म्हणजे आवाजाचा मजकूर, ब्लेंडरचा रेंडर असलं, तर ते टाकू नका. त्याच्याबरोबर स्क्रीनचा भाग येतो आणि क्यूब्स ज्या पद्धतीनं खिडक्या डॉम-झिरोत दाखवतं त्याच्याशी तो भांडतो, मग क्यूब चालू असतो पण एकही खिडकी उघडत नाही. फक्त 'एनव्हिडिया-कर्नल-डीकेएमएस', 'लिबकुडा१' आणि 'एनव्हिडिया-एसएमआय' टाका. कधी खिडकी उघडेनाशी झालीच तर डॉम-झिरोतून 'क्यूव्हीएम-कन्सोल-डिस्पव्हीएम' आणि पुढं क्यूबचं नाव, आत जायला मागचं दार मिळतं.

डाउनलोड होऊन मॉड्यूल बनायला लागतं, वेळ लागतो, मधे हलवू नका. माझी नेमकी तेव्हाच लाईट गेली, जुलैमधली दुपार, बाहेर धो धो पाऊस, यूपीएसनं चार मिनिटं धरलं आणि सोडलं. परत चालू केल्यावर ड्रायव्हर अर्धवट. तसं झालं तर 'सुडो डीपीकेजी', पुढं 'डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए', राहिलेलं काम तिथून पुढं पूर्ण होतं, सगळं पुसून परत करायची गरज नाही.

नुवोला बाजूला ठेवायचं असतं. पॅकेज बहुतेक वेळा ते करतं, तरी 'ईटीसी'मधल्या 'मॉडप्रोब डॉट डी'त 'डॉट कॉन्फ'नं संपणारी एक छोटी फाइल करून 'ब्लॅकलिस्ट नुवो' एवढी ओळ लिहा, 'अपडेट-इनिट्रॅमएफएस डॅश यू' करा, क्यूब बंद करून चालू करा. उबुंटूवरून आलेल्यांना सिक्युअर बूटसाठी मॉड्यूल साइन करायची सवय असते, ती भानगड इथं नाही.

'एनव्हिडिया-एसएमआय' टाका. चौकट आली, त्यात कार्डाचं नाव, तापमान, मेमरी, की झालं. वर उजव्या कोपऱ्यात कुडाचा, म्हणजे कार्डावर हिशोब चालवणाऱ्या एनव्हिडियाच्या प्रणालीचा, आकडा असतो, ५३५ ला १२.२, तो कागदावर लिहून ठेवा.

नाही आली तर

'डीएमईएसजी'मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, 'एनव्हीआरएम'नं सुरू होणाऱ्या ओळी वाचा. तशी एकही ओळ नसेल तर मॉड्यूलच बनलेलं नाही, 'डीकेएमएस स्टेटस' बघा, बहुतेक वेळा हेडर्स एका कर्नलचे आणि चालू कर्नल दुसरा असतो. ओळी आहेत पण कार्ड सुरू होत नाही असं म्हणतात, तर क्यूब बंद करून डॉम-झिरोतून कार्ड पर्मिसिव्ह करून द्या: 'क्यूव्हीएम-पीसीआय अटॅच', मग 'डॅश डॅश पर्सिस्टंट', मग 'डॅश डॅश ऑप्शन पर्मिसिव्ह इक्वल टू ट्रू', तसंच 'नो-स्ट्रिक्ट-रिसेट इक्वल टू ट्रू', मग क्यूबचं नाव आणि पत्ता. आधी टॅबमधून दिलेलं काढून मग हे करा. पर्मिसिव्हमुळे क्यूबला कार्डाच्या सेटिंगवर जास्त मोकळीक मिळते, म्हणून गरज पडली तरच.

क्यूब एकदा जोरात मारून बंद केला असेल तर कार्ड रुसून बसतं, मग अख्खं मशीन बंद करून चालू करणं हाच उपाय.

मेमरीचं वेगळं. ३००० एमबीवर सगळं चालतं आणि ८००० केली की क्यूब अडकतो, असं जुन्या व्हर्जनवर बऱ्याच जणांना झालंय. ४ जीबीच्या खालच्या पट्ट्यात रॅम आणि कार्डाची खिडकी एकाच जागेवर हक्क सांगतात म्हणून ते होतं. आधी डॉम-झिरो पूर्ण अपडेट करा आणि मग हळूहळू वाढवा, ३०००, ४०००, ६०००.

नेट तोडा

मी व्हिस्पर वापरतो. २०२२ ला ओपन झालेलं आवाजाचं मॉडेल आहे, मराठी त्याला येतं. मालवणीचं ते प्रमाण मराठीत ओढून नेतं, 'माका'चं 'मला' करतं, ते मी हातानं परत मालवणीत आणतो, पण कोरं लिहिण्यापेक्षा निम्म्यानं वेळ वाचतो. लार्ज मॉडेलला कार्डावर साधारण १० जीबी मेमरी लागते, मीडियमला ५, स्मॉलला २, त्यावरून तुमच्या कार्डाचं ठरवा. 'एफएफएमपेग' टाका, पायथनचं वेगळं व्हेन्व, म्हणजे पायथनच्या पॅकेजांसाठी वेगळा कप्पा, बनवा कारण डेबियन १२ पिपला थेट सिस्टीममध्ये टाकू देत नाही, आणि टॉर्च, म्हणजे व्हिस्पर ज्याच्यावर चालतं ती पायथनची लायब्ररी, निवडताना तो मघाचा आकडा बघा, १२.२ असेल तर कुडा १२ साठी बनलेलं टॉर्च घ्या, १३ चं घेतलंत तर कार्ड असूनही नाही म्हणेल.

टॉर्च आणि मॉडेल मिळून काही जीबी उतरतं. आमच्याकडे मोबाइलच्या नेटवर दिवसाच्या कोट्यात ते बसत नाही, मी तालुक्याला जाऊन मित्राच्या फायबरवर उतरवलं. एक छोटी फाइल चालवून मॉडेल बसल्याची खात्री करा, मग क्यूब बंद करा आणि सेटिंगमध्ये नेट क्यूबच्या जागी 'नन' करा. बंदिस्त ड्रायव्हर आत आहे, आवाज आत आहेत, आणि बाहेर जायला दारच नाही. रेकॉर्डिंग दुसऱ्या क्यूबमधून 'क्यूव्हीएम-कॉपी'नं आत पाठवायची, मजकूर तसाच बाहेर.

यूपीएस छोटा असेल तर कार्डाला लगाम घाला. ३०६० पूर्ण ताकदीनं १७० वॅट ओढतं. क्यूबमध्ये सुडोनं 'एनव्हिडिया-एसएमआय डॅश पीएल १२०' टाकलं की १२० वर थांबतं, काम थोडं हळू होतं पण लाईट गेल्यावर फाइल सेव्ह करून क्यूब शिस्तीत बंद करण्याइतका वेळ मिळतो. हे क्यूब चालू केल्यावर दर वेळी टाकायला लागतं.

अपडेटसाठी महिन्यातून एकदा क्यूबची क्लोन काढतो, रेकॉर्डिंग बाहेर हलवतो, तेवढ्यापुरतं नेट देतो, 'एपीटी अपग्रेड', रीस्टार्ट, 'एनव्हिडिया-एसएमआय'ची चौकट आली की नेट परत तोडतो आणि रेकॉर्डिंग आत घेतो. चौकट नाही आली तर अपडेट झालेला क्यूब टाकून देतो आणि क्लोनवर काम चालू ठेवतो. गेल्या गणपतीत काकींना त्यांच्याच ओवीची छापील पानं नेऊन दिली, तेव्हा हे सगळं त्यांच्या अंगणात बसून सांगितलं, ओटी-माजघरासकट, आणि त्यांनी अजून अकरा ओव्या घातल्या.